सिगारेटच्या पाकिटातला इतिहास: दोन खुल्या चित्रसंग्रहांचे परीक्षण

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाचा जेफरसन बर्डिक संग्रह आणि त्याच शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचा जॉर्ज ॲरेंट्स संग्रह हे दोन्ही आज घरबसल्या, एक पैसाही न देता संगणकावर पाहता येतात. सिगारेटच्या पाकिटातून फुकट वाटली गेलेली, बोटभर लांबीची चित्रकार्डे या दोन्ही संग्रहांत हजारोंनी आहेत. त्यांत नट्या आहेत, पक्षी आहेत, क्रिकेटपटू आणि बेसबॉलपटूही आहेत. परंतु या परीक्षणापुरते मी राजे, सेनापती, जमातप्रमुख, संगीतकार अशा इतिहासात नाव असलेल्या माणसांच्या चित्रांकडेच पाहिले आहे. मांडणी, नोंदींचा काटेकोरपणा आणि चित्रांचा दर्जा यांत बर्डिक संग्रह निःसंशय सरस आहे. तरीही ही कार्डे खऱ्या अर्थाने समजून घ्यायची असतील तर ॲरेंट्स संग्रहावाचून गत्यंतर नाही, कारण कार्डाला पाठ असते आणि तंबाखू कंपनीला ग्राहकाशी जे बोलायचे होते त्यातले बरेचसे त्या पाठीवर छापलेले असते.

ही कार्डे जन्माला आली ती अगदी साध्या गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी पातळ कागदी पाकिटातून विकल्या जात आणि खिशात चेपून मोडत, म्हणून पाकिटाला ताठपणा यावा यासाठी आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्याची पद्धत पडली. त्या कोऱ्या तुकड्यावर काहीतरी छापावे हे व्यापाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. व्हर्जिनियातील रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८०च्या दशकात त्यावर रंगीत शिळाछापाची चित्रे देण्यास सुरुवात केली, आणि तीही सुटी नव्हे, तर पन्नास-पन्नास चित्रांच्या मालिका करून. एखाद्याकडे अठ्ठेचाळीस चित्रे जमली की उरलेली दोन मिळवण्यासाठी तो दुसऱ्या कंपनीच्या पाकिटाकडे वळत नाही, हे व्यापारी गणित त्यामागे होते. या गणिताची निकड यंत्रामुळे वाढली. जेम्स बोन्सॅक याने १८८१ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेले सिगारेट वळण्याचे यंत्र दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी तयार करी. अशा यंत्रासाठी ॲलन अँड गिंटर यांनीच ७५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते, परंतु यंत्र हाती आल्यावर त्यांनी ते नाकारले. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅमच्या जेम्स ड्यूक याने ते उचलले आणि मग एवढ्या सिगारेटी खपवायच्या कशा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. माल मागणीच्या पुढे धावू लागला तेव्हा मागणी निर्माण करण्याचे काम चित्रांकडे आले. १८९० मध्ये ड्यूक, ॲलन अँड गिंटर आणि आणखी तीन कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली. या विलीनीकरणाच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली, म्हणजे स्पर्धा सर्वांत तीव्र असतानाची कार्डे हीच बर्डिक संग्रहातील सर्वांत देखणी कार्डे आहेत.

जेफरसन बर्डिक हा धनिक संग्राहक नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो नोकरी करीत असे आणि संधिवाताने त्याची बोटे आखडत चालली होती. त्याने आयुष्यभर जमवलेल्या तीन लाखांहून अधिक छापील वस्तू १९४७ पासून संग्रहालयाला देण्यास सुरुवात केली आणि अखेरची काही वर्षे तो स्वतः संग्रहालयात बसून त्या वह्यांमध्ये चिकटवीत राहिला. हे काम त्याने जानेवारी १९६३ मध्ये पुरे केले आणि दोनच महिन्यांनी त्याचे निधन झाले. त्याने अमेरिकी कार्डांची जी सूची तयार केली तिच्यातील क्रमांक आजही या क्षेत्रातील विक्रेते, लिलावदार आणि अभ्यासक वापरतात. एकोणिसाव्या शतकातील तंबाखू कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातील कार्डांना ‘टी’ हे अक्षर, त्यापुढे मालिकेचा अंक, इतकी सुटसुटीत ही पद्धत आहे. संग्रहालयाच्या प्रत्येक नोंदीत चित्रातील व्यक्तीचे नाव, मालिकेचे नाव, बर्डिकचा क्रमांक, कंपनी, वर्ष, छपाईची पद्धत आणि कार्डाचे मोजमाप एवढे सगळे न चुकता दिलेले असते, त्यामुळे ‘एन २’ एवढे टंकले तरी संपूर्ण मालिका समोर येते. रस्त्यावर फेकल्या जाणाऱ्या कागदाची रेम्ब्रांटच्या छापचित्राइतकीच दक्षतेने केलेली नोंद पाहून मला मनापासून आनंद झाला. अशा वस्तूंना संग्रहालयात जागा देताना ‘हे काय जपायचे?’ असा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

‘एन २’ ही १८८८ मधील ‘अमेरिकन इंडियन चीफ्स’ नावाची, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमातप्रमुखांची, पन्नास कार्डांची मालिका आहे. माझ्या मते दोन्ही संग्रहांत मिळून सर्वांत जास्त वेळ देण्याजोगी हीच. कार्ड पावणेतीन इंच उंच आणि दीड इंच रुंद. त्यावर छातीपर्यंतचे चित्र, व्यक्तीचे नाव, जमातीचे नाव आणि कंपनीची जाहिरात. न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लॉस या छापखान्याने ही कार्डे छापली. चित्र पडद्यावर मोठे करत गेले की चेहऱ्याचा वर्ण हा सलग रंग नसून दगडावर हाताने टिपलेल्या असंख्य ठिपक्यांचा बनलेला आहे हे दिसू लागते. तांबूस, पिवळे आणि करडे ठिपके एकमेकांत मिसळून गालाचे हाड उठून येते, कपाळावरची सुरकुती ठरते, पिसांच्या कडा धारदार होतात. एवढ्याशा जागेत, तेही फुकट द्यायच्या कागदावर, कारागिराने केलेले हे काम थक्क करणारे आहे. संग्रहालयाने चित्रे इतकी मोठी आणि स्वच्छ दिली आहेत की ज्यांना शिळाछापाचे तंत्र शिकायचे आहे त्यांना एका मालिकेवर आठवडा घालवता येईल.

पण या देखणेपणाजवळच थांबले तर पाहणे अर्धवट राहते. सिटिंग बुल आणि जेरोनिमो या अमेरिकी सैन्याशी लढलेल्या दोन प्रमुखांची चित्रे ज्या वर्षी पाकिटातून वाटली जात होती, त्या वर्षी त्या दोघांची स्थिती काय होती हे नोंदीत कोठेही सांगितलेले नाही. जेरोनिमोने सप्टेंबर १८८६ मध्ये शरणागती पत्करली होती आणि १८८८ मध्ये तो आपल्या माणसांसह अमेरिकी लष्कराच्या कैदेत होता. १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याची सुटका झाली नाही. सिटिंग बुल १८८१ मध्येच शरण आला होता, १८८५ मध्ये ‘वाइल्ड वेस्ट’चे जाहीर खेळ करणाऱ्या बफेलो बिलच्या खेळात तो एक हंगामभर लोकांना ‘दाखवला’ गेला आणि १५ डिसेंबर १८९० रोजी अटकेच्या वेळी झालेल्या झटापटीत मारला गेला. जमातींच्या सामाईक जमिनी तोडून वैयक्तिक तुकड्यांत वाटण्याचा डॉझ कायदा १८८७ मधला, म्हणजे ही मालिका निघण्याच्या केवळ एक वर्ष आधीचा. ज्यांच्याकडून जमीन काढून घेतली जात होती त्यांचे चेहरे, ज्यांनी तंबाखूचे पीक मुळात जगाला दिले त्या समाजाचेच चेहरे, तंबाखू खपवण्यासाठी ‘शूर आणि रुबाबदार’ म्हणून विकले जात होते. खुद्द बफेलो बिल त्याच कंपनीच्या १८८७ मधील ‘जगज्जेत्यां’च्या मालिकेत मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटूंच्या रांगेत विराजमान आहे. या दोन मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की त्या काळच्या अमेरिकी मनात विजेता कोण आणि संग्रहात ठेवायची वस्तू कोण, याची वाटणी लख्ख दिसते. संग्रहालयाने प्रत्येक प्रमुखाच्या नोंदीत दोन ओळींचे चरित्र जरी दिले असते तरी पाहणाऱ्यावर मोठे उपकार झाले असते.

बर्डिक संग्रहाचा दुसरा, आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर, उणेपणा त्याच्या जन्मातच आहे. बर्डिकने कार्डे वह्यांमध्ये चिकटवली, त्यामुळे बहुसंख्य नोंदींत फक्त पुढची बाजू दिसते. ‘एन २’च्या पाठीवर पन्नासही नावांची यादी आणि कंपनीचे नाव छापलेले असते. ही यादी म्हणजे निव्वळ माहिती नव्हती. आपल्याजवळ कोणती चित्रे नाहीत हे ग्राहकाला प्रत्येक पाकिटागणिक आठवून देणारी ती सर्वांत परिणामकारक जाहिरात होती. ती यादी नजरेआड झाली की कार्डाचे रूपांतर छोट्या, सुंदर, निरुपद्रवी व्यक्तिचित्रात होते. ड्यूकच्या १८८८ मधील ‘हिस्टरीज ऑफ जनरल्स’ या मालिकेच्या बाबतीत तर ही अडचण आणखी जाणवते. त्या मालिकेत कार्डाऐवजी इवल्याशा पुस्तिका होत्या; मुखपृष्ठावर अमेरिकी यादवी युद्धातील सेनापतीचे रंगीत चित्र आणि आत त्याचे चरित्र. उत्तरेचे आणि दक्षिणेचे सेनापती एकाच मालिकेत, एकाच मापात, एकाच डौलाने छापलेले होते, कारण सिगारेट दोन्हीकडे विकायची होती. युद्ध संपून तेवीस वर्षे झाली असताना ही तडजोड शब्दांत कशी साधली होती हे वाचण्याची उत्सुकता कुणालाही वाटेल. मी उघडलेल्या नोंदींत मात्र मुखपृष्ठावरच समाधान मानावे लागले.

इथे ॲरेंट्स संग्रह उपयोगी पडतो. जॉर्ज ॲरेंट्स हे स्वतः तंबाखू व्यवसायातले आणि रिचमंडच्या त्याच ॲलन अँड गिंटर कंपनीतील लुईस गिंटर यांच्या गोतावळ्यातले. तंबाखूविषयीचे दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते आणि कार्डे त्यांनी १९४०च्या दशकात ग्रंथालयाला दिली. ग्रंथालयाने कार्डांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिली आहेत, आणि या एका निर्णयामुळे संग्रहाचे मोल कितीतरी वाढले आहे. नोंदी मात्र त्रोटक आहेत, मालिका एकामागून एक ओळीने उलगडत जाणे कंटाळवाणे होते आणि पाठीवरचा बारीक मजकूर वाचायचा तर प्रत्येक चित्र वेगळे उघडून मोठे करावे लागते. संयम असेल त्यालाच फळ मिळते, असा हा संग्रह आहे.

फळ मिळते ते मुख्यतः ब्रिटिश कार्डांत. ब्रिस्टलच्या विल्स आणि नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयर या कंपन्यांनी अमेरिकेतली ही युक्ती उचलली, पण तिला वेगळेच वळण दिले. १९०१ मध्ये ड्यूकने लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेऊन ब्रिटिश बाजारात पाऊल ठेवताच स्थानिक कंपन्यांनी एकत्र येऊन इम्पीरियल टोबॅको कंपनी उभी केली. त्यापुढची चार दशके ब्रिटनमधील कार्डांच्या पाठीवर जाहिरात कमी आणि धडा जास्त असे. समोर राजाचे चित्र, मागे त्याच्या कारकिर्दीचा आठ-दहा ओळींचा गोषवारा. जॉन प्लेयरने १९३५ मध्ये काढलेली इंग्लंडच्या राजा-राण्यांची पन्नास कार्डांची मालिका पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षातली आहे; विल्सनेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच विषयावर कार्डे काढली होती. त्या दशकात कंपन्या एक पेनीला वही विकत आणि तीत कार्ड चिकटवल्यावर पाठ झाकली जाणार म्हणून पाठीवरचा मजकूर वहीत चौकटीच्या खाली किंवा शेजारी पुन्हा छापत. बर्डिकच्या वह्यांत जे हरवले ते या पेनीच्या वह्यांत शाबूत राहिले आहे. वडिलांनी सिगारेट ओढायची आणि मुलांनी कार्डे जमवायची, अशी ही घरोघरची व्यवस्था होती. असंख्य ब्रिटिश मुलांना आपल्या राजांचा क्रम शाळेआधी या कार्डांनी शिकवला असेल, आणि त्याच कार्डांनी तंबाखू कंपनीचे नाव बालपणीच्या गोड आठवणींत कायमचे बसवले. जाहिरात म्हणून ही युक्ती ड्यूकच्या भडकपणापेक्षा कितीतरी अधिक खोल जाणारी होती. ड्यूकच्या नट्यांच्या छायाचित्रांवर तर खुद्द त्याचे वडील वॉशिंग्टन ड्यूक यांनी १८९४ मध्ये पत्र लिहून आक्षेप घेतला होता, कारण तरुणांवर त्यांचा वाईट परिणाम होतो असे त्यांचे मत होते. राजा-राण्यांच्या चित्रांवर असा आक्षेप कोण घेणार?

पाठ्यपुस्तकाचा आव आणणारी ही कार्डे राजकारणाच्या वाऱ्याबरोबर किती झटकन बदलत, याची तीन उदाहरणे या विषयात रस असणाऱ्याने लक्षात ठेवावीत. फ्रान्सच्या नेपोलियनचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईला १९१५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत होती म्हणून विल्सने पन्नास कार्डांची मालिका तयार केली, परंतु त्या वेळी फ्रान्स हे मित्रराष्ट्र असल्याने ती बाजारात आणलीच नाही. प्रसिद्ध संगीतकारांच्या मालिकेच्या दुसऱ्या भागातून पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नावे वगळून त्यांच्या जागी दुसरे संगीतकार घालण्यात आले. आणि आठव्या एडवर्डच्या जीवनावरील मालिका सिद्ध असताना १९३६ च्या डिसेंबरमध्ये त्याने सिंहासन सोडले, त्यामुळे तीही गोदामातच राहिली. वगळलेली कार्डे आज संग्राहकांना हवीहवीशी वाटतात ती दुर्मीळ म्हणून; मला ती महत्त्वाची वाटतात, कारण व्यापाराने इतिहासातून कोणाला केव्हा उठवले याचा तो छापील पुरावा आहे. १९४० मध्ये युद्धकाळातील कागदटंचाईमुळे ब्रिटनमध्ये ही कार्डे बंद झाली.

हिंदुस्थानही या व्यवहाराच्या बाहेर नव्हता. विल्सच्या ‘सिझर्स’ छाप सिगारेटी इथे विकल्या जात आणि त्यांच्या पाकिटांतून हिंदी पलटणींच्या सैनिकांची मालिका निघाली होती. तिकडे इंग्लंडमध्ये रणजितसिंहजी हे कार्डांवरचे लाडके खेळाडू होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तंबाखूच्या वेष्टनावर इतिहासपुरुषाचे नाव किंवा चित्र असावे काय, हा प्रश्न आपल्याला परका नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिडीचे नाव अनेक वर्षांच्या लोकभावनेपुढे नमून अलीकडेच बदलावे लागले, आणि ते योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे. सिटिंग बुलच्या वंशजांना असा आग्रह धरण्याची संधी १८८८ मध्ये नव्हती, हे ‘एन २’ पाहताना मनातून जात नाही. आज आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याने आणि रोगाच्या चित्राने व्यापलेला असतो. पाकीट आणि चित्र यांचे नाते अजून टिकून आहे, मात्र चित्राचे काम नेमके उलटे झाले आहे.

वापराच्या सोयीविषयी थोडे सांगायला हवे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ पासून आणि सार्वजनिक ग्रंथालयाने जानेवारी २०१६ पासून स्वामित्वहक्कमुक्त चित्रे मोठ्या आकारात उतरवून घेण्याची मुभा दिली आहे. शिक्षकांना आणि नियतकालिकांच्या सजावटकारांना ती कोणाचीही परवानगी न घेता वापरता येतात. तरीही प्रत्येक नोंदीतील हक्कांविषयीची ओळ वाचून घ्यावी, कारण विसाव्या शतकातील सर्वच कार्डांना ही मुभा असेल असे गृहीत धरता येत नाही. मोबाइलवर बर्डिक संग्रह सुसह्य आहे, ॲरेंट्स संग्रहासाठी मात्र मोठा पडदा घ्यावा. दोन्हीकडे सगळा कारभार इंग्रजीत आहे आणि नावांची वर्णरचना कार्डावर जशी आहे तशी दिलेली असल्याने शोध कधी कधी फसतो. अशा वेळी व्यक्तीऐवजी मालिकेच्या नावाने शोधावे.

प्रत्यक्ष कार्डे विकत घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचे ‘टी २०६’ मालिकेतील एक कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेले, अशा बातम्या वाचून हा छंद म्हणजे कुबेराचा खेळ असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. १९३०च्या दशकातील ब्रिटिश कार्डे प्रचंड संख्येने छापली गेल्यामुळे त्यांचे पूर्ण संच आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात असतात. इंग्लंडमध्ये १९२७ पासून केवळ याच व्यवसायात असलेली लंडन सिगारेट कार्ड कंपनी अद्याप चालू आहे. मात्र सुटे कार्ड घेण्यापेक्षा पेनीची भरलेली वही मिळाली तर ती घ्यावी: चित्र, मजकूर आणि ज्या मुलाने किंवा मुलीने ती भरली त्याच्या हाताचा क्रम असे तिन्ही त्यात एकत्र असते, आणि कोठे एखादी चौकट रिकामी राहिली असेल तर कोणता राजा त्या घराला कधी मिळालाच नाही तेही कळते.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर ‘एन २’ सलग पाहावी आणि लगेच ग्रंथालयाच्या संग्रहात शिरून कोणत्याही एका ब्रिटिश मालिकेच्या फक्त पाठी वाचाव्यात, पुढची चित्रे नंतर. संग्रहालयाला माझी विनंती एवढीच राहील की बर्डिकच्या वह्यांना धक्का न लावता, आपल्याकडील किंवा अन्य संस्थांकडील सुट्या प्रतींवरून मालिकेगणिक निदान एका कार्डाची मागची बाजू नोंदीत जोडावी.